व्हिटॅमिन डी टेस्टसाठी सर्टिफाइड रेफरन्स स्टँडर्ड: काय मागवायचं, कसं वापरायचं

हा लेख क्लिनिकल लॅबमधे बायोकेमिस्ट्रीच्या बेंचवर नव्याने आलेल्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांना सरांनी किंवा मॅडमनी सांगितलंय की व्हिटॅमिन डी चं सीआरएम (सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल) मागवा, ऑडिटच्या आधी ट्रेसेबिलिटी (आपला आकडा वरच्या रेफरन्सपर्यंत कसा जोडलाय ते) दाखवायचीय, आणि कॅटलॉग उघडला तर एकसारख्या नावांच्या ढीगभर बाटल्या, कुठलीतरी पावडर, कुठलंतरी सोल्युशन, कुठलंतरी फ्रोजन सीरम, आणि प्रत्येकावर "सर्टिफाइड" लिहिलेलं. मी हे काम आधी केमिल्युमिनेसन्सच्या मशीनवर आणि नंतर एलसी-एमएस-एमएसवर (कॉलमवर वेगळं करून मास स्पेक्ट्रोमीटरने मोजणाऱ्या मशीनवर) केलंय, त्यामुळे कुठे गोंधळ होतो ते माहितीय.

आधी हे लक्षात घ्या की हा नुसता ऑडिटचा विषय नाहीये. बरेच डॉक्टर २० नॅनोग्रॅम प्रति मिली हा कट-ऑफ धरतात, त्याखाली आला की डेफिशियन्सी. आपल्याकडे लगेच आठवड्याला एक ६०,००० युनिटचं सॅशे चालू होतं. आता तुमची टेस्ट दोन नॅनोग्रॅम वर वाचत असेल तर १९ चा पेशंट २१ होऊन औषधाविना घरी जातो, खाली वाचत असेल तर उलटं. आणि हे कंट्रोलच्या चार्टवर दिसत नाही कारण कंट्रोल तर रोज छान येतोय, तो फक्त सांगतो की आज कालसारखं वाचलं, खरं वाचलं का ते सांगत नाही. ते सांगायला रेफरन्स मटेरियल लागतं.

१. आधी नक्की कुठला रेणू मोजायचाय ते लिहून काढा

"व्हिटॅमिन डी स्टँडर्ड" एवढंच लिहून कोटेशन मागवलं तर बऱ्याचदा कोलेकॅल्सिफेरॉल येतं. ते औषधाच्या गोळीत किती व्हिटॅमिन आहे ते बघायला असतं, फार्मा क्यूसीवाले वापरतात. रक्तात आपण मोजतो २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, लिव्हरमधे तयार होणारा, आणि तोही दोन प्रकारचा, डी३ आणि डी२. रिपोर्टवरचा "टोटल" म्हणजे या दोघांची बेरीज.

इंडेंटवर नावाबरोबर सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) लिहायची सवय लावा, त्याने निम्मे घोळ तिथेच संपतात:

- २५-हायड्रॉक्सी डी३: १९३५६-१७-३
- त्याचंच मोनोहायड्रेट: ६३२८३-३६-३
- २५-हायड्रॉक्सी डी२: २१३४३-४०-८
- साधं कोलेकॅल्सिफेरॉल, जे आपल्याला नकोय: ६७-९७-०
- अल्फाकॅल्सिडॉल म्हणजे १-अल्फा-हायड्रॉक्सी, हेही नकोय: ४१२९४-५६-८

शेवटचं मुद्दाम लिहिलं. अल्फाकॅल्सिडॉलचा फॉर्म्युला आपल्या २५-हायड्रॉक्सी डी३ सारखाच आहे, मोलर मास तेच ४००.६, त्यामुळे कोणी नुसतं वजन बघून "हे तेच आहे" म्हणालं तर ऐकू नका.

मोनोहायड्रेटचा सापळा जास्त बारीक आहे. पावडर घेतली आणि ती मोनोहायड्रेट निघाली तर तिचं मोलर मास ४१८.६, त्यात पाणी धरलेलं असतं. तुम्ही १ मिलिग्रॅम तोलून तो सगळा २५-हायड्रॉक्सी डी३ धरला तर प्रत्यक्षात साधारण ०.९५७ मिलिग्रॅमच आहे, म्हणजे पहिल्याच पायरीला चार टक्क्यांहून जास्त चूक, आणि ती पुढे प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टमधे जाणार. त्यात प्युरिटीचं करेक्शन वेगळं. म्हणून माझं स्पष्ट मत, नव्या लॅबने पावडर घेऊच नये, अँप्यूलमधलं तयार सर्टिफाइड सोल्युशन घ्यावं. एवढीशी पावडर बरोबर तोलणारा मायक्रोबॅलन्स बहुतेक लॅबमधे नसतोच.

२. चार प्रकारच्या बाटल्या, चार वेगळी कामं

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा, कारण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कॅलिब्रेशन सोल्युशन: शुद्ध रेणू, इथेनॉलमधे विरघळवलेला, किती आहे ते सर्टिफाइड. यावरून तुम्ही स्वतःचे कॅलिब्रेटर बनवता. हे फक्त एलसी-एमएस-एमएस किंवा एचपीएलसीवाल्यांच्या कामाचं. इम्युनोअसेच्या म्हणजे केमिल्युमिनेसन्ससारख्या अँटिबॉडीने मोजणाऱ्या मशीनवर हे टाकून काहीही सिद्ध होत नाही.

सीरम सीआरएम: खरं मानवी सीरम, त्यातलं प्रमाण रेफरन्स मेथडने ठरवलेलं. हे तुमच्या पूर्ण पद्धतीची परीक्षा घेतं, एक्स्ट्रॅक्शनपासून रिझल्टपर्यंत. यावर मशीन कॅलिब्रेट करायचं नसतं, याच्याशी ताडून बघायचं असतं.

किट कॅलिब्रेटर: कंपनीने त्यांच्या मशीनसाठी ठरवलेल्या व्हॅल्यूचं मटेरियल. त्याची व्हॅल्यू त्या किटपुरती खरी. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालवून "ऑफ आलं" म्हणून घाबरू नका.

क्यूसी मटेरियल: रोजचा कंट्रोल, लेव्ही-जेनिंग्ज चार्टचा. त्यावरची रेंज ही टार्गेट नाही, अपेक्षित पसारा आहे. असेड म्हणजे कंपनीने व्हॅल्यू छापून दिलेल्या क्यूसीला सीआरएम म्हणून फाइलला लावलेलं मी कितीदा पाहिलंय, आणि असेसर नेमकं तेच पान उघडतो.

या सगळ्यांना जोडणारी साखळी आयएसओ १७५११ मधे दिलीय. सगळ्यात वर शुद्ध रेणू, मग त्यावर आधारलेली रेफरन्स मेथड, मग तिने व्हॅल्यू दिलेलं सीरम, मग कंपनीचा मास्टर कॅलिब्रेटर, मग किटमधली बाटली, शेवटी तुमचा पेशंट. व्हिटॅमिन डी साठी वरच्या टोकाला मोजक्याच लॅब आहेत: अमेरिकेतलं निस्ट म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी, बेल्जियमची गेंट युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेचीच सीडीसी ही सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था. या तिघांच्या आयसोटोप डायल्युशन एलसी-एमएस-एमएस मेथड रेफरन्स मेथड म्हणून मान्य आहेत. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१० मधे व्हिटॅमिन डी स्टँडर्डायझेशन प्रोग्राम सुरू झाला तो यांनाच धरून, कारण तोवर एकाच पेशंटचं रक्त दोन लॅबला दिलं तर दोन वेगळे निदान यायचे.

३. तुमचं मशीन कुठलं, त्यावर खर्च ठरवा

केमिल्युमिनेसन्स किंवा इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्सचं बंद सिस्टिमचं मशीन असेल तर कॅलिब्रेटर तुम्ही बदलूच शकत नाही. मग सीआरएम घेऊन करणार काय? फक्त व्हेरिफिकेशन. अशा लॅबला माझा सल्ला, आधी कंपनीकडे लेखी ट्रेसेबिलिटी स्टेटमेंट मागा, त्यात कुठल्या रेफरन्स मेथडला आणि कुठल्या मटेरियलला जोडलंय ते नावानिशी असायला हवं, "आंतरराष्ट्रीय स्टँडर्डला ट्रेसेबल" एवढं एक वाक्य चालत नाही. दुसरं, ती मेथड सीडीसीच्या व्हिटॅमिन डी सर्टिफिकेशन प्रोग्राममधे पास झालीय का ते विचारा. तिथले निकष स्वच्छ आहेत, सरासरी बायस (खऱ्या आकड्यापासून एका बाजूला सरकणं) अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत आणि इम्प्रिसिजन (परत परत मोजल्यावर येणारा पसारा) १० टक्क्यांच्या आत. पास असेल तर ते कुठल्या वर्षाचं तेही बघा.

आणि पैसे घालायचेच तर ॲक्युरसी-बेस्ड पीटीमधे घाला (पीटी म्हणजे प्रोफिशियन्सी टेस्टिंग, बाहेरून सॅम्पल पाठवून लॅबची परीक्षा घेतात ते). इंग्लंडमधून चालणारी डीईक्यूएएस ही १९८९ पासूनची व्हिटॅमिन डी ची स्कीम, तिच्यात २०१३ पासून टार्गेट व्हॅल्यू रेफरन्स मेथडने ठरवतात. बाकी बऱ्याच पीटीमधे टार्गेट म्हणजे तुमच्याच मशीनवाल्या बाकीच्या लॅबची सरासरी असते. त्यात झेड-स्कोअर (टार्गेटपासून किती दूर ते सांगणारा आकडा) ०.२ आला तरी त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही बाकीच्यांसारखं वाचताय. सगळे मिळून १५ टक्के वर वाचत असतील तर सगळ्यांचा स्कोअर झकास. पीटीचा रिपोर्ट हातात आला की आधी खाली बारीक अक्षरात टार्गेट कसं काढलंय ते वाचा, मग आनंद साजरा करा.

एलसी-एमएस-एमएस असेल आणि तयार किट वापरत असाल, तर कॅलिब्रेटर किटचेच, पण सीरम सीआरएम घेणं मी तरी आवश्यकच मानतो. इन-हाउस मेथड असेल तर दोन्ही लागतील, सोल्युशनही आणि सीरमही.

४. कुठलं मटेरियल

निस्टची यादी सगळ्यात जास्त वापरली जाते, त्यांच्या सीआरएमला ते एसआरएम म्हणतात. त्यातले कामाचे नंबर:

एसआरएम ९७२ए: फ्रोजन मानवी सीरम, चार लेव्हल. लेव्हल ३ मधे डी२ बऱ्यापैकी आहे, लेव्हल ४ मधे ३-एपी-२५-हायड्रॉक्सी डी३ (आपल्या रेणूचा जुळा भाऊ, एपिमर) बाहेरून घातलंय.
एसआरएम २९७३: सीरमच, पण वरच्या प्रमाणाचं.
एसआरएम २९६९ आणि २९७०: एक कमी टोटलचं, दुसरं डी२ जास्त असलेलं.
एसआरएम २९७२ए: इथेनॉलमधली कॅलिब्रेशन सोल्युशन, डी२, डी३ आणि ३-एपी तिन्ही.

निस्टचे लॉट संपतात आणि पुढचा यायला वेळ लागतो, त्यामुळे बजेट मंजूर करून घेण्याआधी स्टॉक आहे का ते बघा, नाहीतर मंजुरी हातात आणि माल नाही. सोल्युशन निस्टचंच हवं असं नाही, आयएसओ १७०३४ ची मान्यता असलेल्या उत्पादकाचं चालतं आणि भारतात डिस्ट्रिब्युटरकडून लवकर मिळतं. मान्यतेच्या स्कोपमधे हा रेणू आहे का तेवढं तपासा, कंपनीला मान्यता असणं आणि त्या बाटलीला असणं वेगळं.

आता कम्यूटेबिलिटी. शब्द जड आहे, गोष्ट सोपी: मटेरियल तुमच्या मशीनमधे पेशंटच्या सीरमसारखंच वागलं पाहिजे. २५-हायड्रॉक्सी डी रक्तात बाइंडिंग प्रोटीनला घट्ट चिकटलेला असतो, इम्युनोअसेला तो आधी सोडवावा लागतो, आणि सीरममधे काही मिसळलं असेल तर ही सोडवणूक वेगळी होते. निस्टचं २००९ चं पहिलं एसआरएम ९७२ याच कारणाने अडचणीचं ठरलं, एका लेव्हलला घोड्याचं सीरम घालून पातळ केलेलं, दुसऱ्या दोघांत डी२ आणि एपिमर बाहेरून टाकलेलं, आणि इम्युनोअसेवर त्यांचे आकडे पेशंटच्या सीरमसारखे वागेनात. म्हणून इम्युनोअसे तपासताना बाहेरून काही न घातलेल्या लेव्हलच घ्या, ९७२ए च्या लेव्हल ४ वर इम्युनोअसेला पास-नापास करू नका. लेव्हल ४ एलसी-एमएस-एमएसवाल्यांसाठी आहे, आणि त्यांच्यासाठी सोन्यासारखी आहे, पुढे सांगतो.

५. ऑर्डर देण्याआधी हातात असायला हवं ते

- रेणूचं नाव, सीएएस नंबर, मॅट्रिक्स (सीरम की इथेनॉल) आणि हवं असलेलं प्रमाण
- चालू लॉटचं सर्टिफिकेट, ऑर्डरच्या आधीच, एक्सपायरीसकट
- उत्पादकाच्या आयएसओ १७०३४ मान्यतेचं पत्र आणि स्कोप
- सेफ्टी डेटा शीट, आणि सीरम असेल तर इन्फेक्शनच्या टेस्ट केल्याचं पत्र
- वजा ८० चा डीप फ्रीझर, तापमानाच्या लॉगसकट
- लाल-तपकिरी काचेच्या व्हायल, कॅलिब्रेट केलेले पिपेट, क्लास ए व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क
- क्वार्ट्झ क्युव्हेट आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, इन-हाउस करणार असाल तर

आणि डिस्ट्रिब्युटरकडून तीन गोष्टी ईमेलवर घ्या: ड्राय आइस वाटेत पुन्हा भरला जाईल का, कस्टमची कागदपत्रं कोण करणार, आणि माल वितळलेला आला तर बदलून देणार का. फोनवर "हो हो मॅडम, टेन्शन घेऊ नका" म्हणतात सगळे. शक्य असेल तर दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात किंवा लाँग वीकेंडला पोचेल असं पाठवू देऊ नका, खोका गोडाऊनमधे पडून राहतो.

६. माल आला त्या दिवशी

खोका उघडायला तुम्ही स्वतः असा, स्टोअरवाल्यावर सोडू नका. ड्राय आइस शिल्लक आहे का त्याचा फोटो काढा, लॉट नंबर सर्टिफिकेटशी जुळवा, मिळाल्याची वेळ आणि सही करा आणि थेट फ्रीझरमधे. "जरा वेळ दोन-ते-आठच्या फ्रिजमधे ठेवतो" हे सीरम सीआरएमला चालत नाही. किती तापमानाला ठेवायचं ते सर्टिफिकेटवर असतं, तेच पाळायचं, आपल्या सोयीने नाही.

वापरायच्या दिवशी व्हायल रूम टेम्परेचरला वितळू द्या, अर्धा तास तरी, मंद उजेडात, कारण हा रेणू प्रकाशाने खराब होतो. गरम पाण्यात बुडवायचं नाही. पूर्ण वितळल्यावर हलक्या हाताने उलटसुलट करून मिसळा, जोरात हलवून फेस काढू नका. आणि उरलेलं परत फ्रीझ करून "पुढच्या वेळी वापरू" हा मोह टाळा, दुसऱ्यांदा वितळवलेल्या व्हायलला सर्टिफाइड व्हॅल्यू उरत नाही. महाग आहे हे मान्य, म्हणून तर एका व्हायलमधे काय काय चालवायचं त्याचं प्लॅनिंग आदल्या दिवशी कागदावर करा.

७. सर्टिफिकेट कसं वाचायचं

पहिलं, सर्टिफाइड व्हॅल्यू आणि रेफरन्स किंवा इन्फॉर्मेशन व्हॅल्यू यातला फरक. एकाच कागदावर दोन्ही असतात. ट्रेसेबिलिटीसाठी सर्टिफाइड धरा.

दुसरं, युनिट. आपल्याकडे रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलीमधे जातो, परदेशी स्कीमचा रिपोर्ट बऱ्याचदा नॅनोमोल प्रति लिटरमधे असतो. डी३ साठी २.५ ने गुणा, म्हणजे २० नॅनोग्रॅम म्हणजे ५० नॅनोमोल. डी२ चा फॅक्टर थोडा वेगळा, २.४२ च्या आसपास, कारण त्याचं मोलर मास ४१२.६.

आणि सगळ्यात महागात पडणारं: प्रति ग्रॅम की प्रति मिली? इथेनॉलमधल्या सोल्युशनवर प्रमाण प्रति ग्रॅम दिलेलं असू शकतं. इथेनॉलची घनता २० अंशाला ०.७८९, म्हणजे १ मिली पिपेटने घेतलं तर ते १ ग्रॅम नसतं. हे विसरलात तर तुमचा कॅलिब्रेटर तुम्ही समजता त्याच्यापेक्षा एकवीस टक्के कमी आणि पेशंटचे रिपोर्ट साधारण सत्तावीस टक्के वर.

तिसरं, अनसर्टन्टीच्या पुढे के = २ (म्हणजे स्टँडर्ड अनसर्टन्टीची दुप्पट) लिहिलंय का. असेल तर हिशोबात वापरताना निम्मी करायची. चौथं, टोटलमधे काय धरलंय. डी२ आणि डी३ ची बेरीज म्हणजे टोटल, ३-एपी त्यात धरत नाहीत.

८. इन-हाउस कॅलिब्रेटर बनवताना

बंद सिस्टिमवाल्यांनी हा भाग सोडून पुढे जावं.

समजा तुमच्याकडे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचं २५-हायड्रॉक्सी डी३ चं सर्टिफाइड सोल्युशन आहे (या भागात पुढे नुसतं डी३ म्हटलं तरी हेच). अँप्यूल फोडायच्या आधी रूम टेम्परेचरला आणा, फोडल्यावर लगेच काम करा, इथेनॉल उडतं आणि उरलेलं आपोआप स्ट्राँग होत जातं. ०.५ मिली घेऊन १० मिलीच्या फ्लास्कमधे इथेनॉलने खुणेपर्यंत भरा, झालं ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

इथे थांबून यूव्हीवर बघा. २६५ नॅनोमीटरच्या आसपास, १ सेंटिमीटर क्वार्ट्झ क्युव्हेट, इथेनॉलचा ब्लँक. डी३ चं मोलर अब्सॉर्प्टिव्हिटी १८,२०० च्या जवळ धरतात, त्या हिशोबाने अब्सॉर्बन्स ०.२३ च्या आसपास यायला हवा. ०.१८ किंवा ०.२८ आला तर कुठेतरी पिपेटिंग किंवा युनिट चुकलंय, पुढे जाऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे पण यानेच घनतेची चूक पकडली जाते.

मग मॅट्रिक्स. मानवी सीरममधे व्हिटॅमिन डी आधीच असतो, त्यामुळे त्यात स्टँडर्ड टाकलं तर शून्याचा पत्ता नाही. म्हणून चारकोलने साफ केलेलं सीरम किंवा बफरमधलं बोव्हाइन अल्ब्युमिन घेतात. कुठलंही घेतलं तरी आधी रिकामं चालवून पीक येत नाही हे बघा. १ मिली कॅलिब्रेटरमधे त्या ५ मायक्रोग्रॅमवाल्या सोल्युशनचे २० मायक्रोलिटर गेले की १०० नॅनोग्रॅम प्रति मिली होतं आणि इथेनॉल फक्त दोन टक्के राहतं. जास्त इथेनॉल घातलं तर प्रोटीन तिथेच फाटतं. खालच्या लेव्हलसाठी आधी इथेनॉलमधेच डायल्युशन करा, साध्या पाण्यात किंवा बफरमधे कधीच नाही, कारण हा रेणू तेलकट वृत्तीचा, पाणी दिसलं की प्लास्टिकच्या भिंतीला जाऊन चिकटतो. ४, १०, २०, ४०, ७० आणि १०० अशा लेव्हल पुरतात, २० च्या आजूबाजूला दाट ठेवा कारण निर्णय तिथेच होतात.

इंटरनल स्टँडर्ड ड्युटेरियमवालं, डी३ साठी डी-६ म्हणजे सहा ड्युटेरियमचं लेबल असलेलं चांगलं, डी२ साठी त्याचं स्वतःचं वेगळं. नुसतं इंटरनल स्टँडर्ड टाकलेला ब्लँक चालवा आणि साध्या डी३ च्या जागी पीक येतंय का बघा, लेबल नसलेला रेणू त्यात थोडा उरलेला असतो. सीरममधे टाकल्यावर लगेच प्रेसिपिटेट करू नका, बाइंडिंग प्रोटीनशी जमायला वेळ द्या. हा वेळ किती ते तुमच्या मेथडवर तपासून एसओपीत लिहा आणि रोज तेवढाच ठेवा.

आता लेव्हल ४ का सोन्यासारखी ते. ३-एपी-२५-हायड्रॉक्सी डी३ चं वजन आपल्या रेणूएवढंच, तुकडेही तसेच पडतात, मास स्पेक्ट्रोमीटरला फरक कळत नाही. साध्या सी-१८ कॉलमवर दोघं एकत्र बाहेर येतात आणि तुम्ही बेरीज रिपोर्ट करता. मोठ्या माणसांत हे प्रमाण सहसा थोडं, पण एका वर्षाच्या आतल्या बाळांत बरंच असू शकतं, आणि नेमकं बाळांचं सॅम्पल आलं की पेडियाट्रिशियन या आकड्यावर डोस ठरवतात. पेंटाफ्लुरोफिनाइल प्रकारच्या कॉलमवर दोघं वेगळे होतात. लेव्हल ४ चालवा: दोन पीक स्वच्छ वेगळे दिसले आणि डी३ ची व्हॅल्यू सर्टिफिकेटशी जुळली तर कॉलम पास. डी३ जवळजवळ दुप्पट आला तर उत्तर मिळालं.

बाइल ॲसिड बनताना तयार होणारा ७-अल्फा-हायड्रॉक्सी-४-कोलेस्टेन-३-वन हाही त्याच वजनाचा. ४०१ वरून ३८३ हे पाण्याचा रेणू सोडायचं ट्रान्झिशन फार मोघम आहे, दुसरं एक ट्रान्झिशन क्वालिफायर म्हणजे ओळख पटवायला म्हणून ठेवा आणि त्यांच्या रेशोवर लक्ष ठेवा.

एक नियम मोडू नका: कॅलिब्रेटर आणि क्यूसी एकाच बाटलीतून बनवायचे नाहीत. बाटली चुकली असेल तर दोघं एकत्र चुकतात आणि चार्ट हिरवाच दिसतो.

९. बायसचा हिशोब

सीरम सीआरएम एका दिवसात दहा वेळा चालवण्यापेक्षा पाच वेगवेगळ्या दिवशी दोन-दोन वेळा चालवा, प्रत्येक दिवसाला नवी व्हायल. दिवसांचा फरक त्यात यायलाच हवा.

समजा सर्टिफिकेटवर २८.८ ± १.१ आहे, के = २. तुमच्या पाच दिवसांच्या सरासऱ्यांची सरासरी ३०.५ आली, त्यांचं एसडी १.०.

- फरक: ३०.५ वजा २८.८ = १.७, म्हणजे ५.९ टक्के
- सीआरएमची स्टँडर्ड अनसर्टन्टी: १.१ भागिले २ = ०.५५
- तुमच्या सरासरीची: १.० भागिले ५ चं वर्गमूळ = ०.४५
- दोघांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ०.७१
- त्याची दुप्पट: १.४२

१.७ हा १.४२ पेक्षा मोठा, म्हणजे बायस खरा आहे, योगायोग नाही. फरक १.४२ च्या आत असता तर बायस सिद्ध होत नाही एवढंच म्हणता येतं. आता पुढचं पाऊल मात्र सगळ्यात जास्त चुकतं: लोक लगेच सॉफ्टवेअरमधे फॅक्टर टाकून आकडा जुळवतात. तसं करू नका. आधी कारण शोधा, कॅलिब्रेटरचं प्रमाण, युनिट, एपिमर, पिपेट. दुसऱ्या लेव्हलवरही तोच टक्का आला तर कॅलिब्रेटरकडे बोट जातं, एकाच लेव्हलवर आला तर इंटरफेरन्सकडे. बंद सिस्टिम असेल तर हा कागद कंपनीच्या ॲप्लिकेशनवाल्यांना ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा, कॅलिब्रेशनमधे स्वतः हात घालू नका.

१०. फाइलला काय लावायचं

लॅबला मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे असेसर आयएसओ १५१८९ धरून बघतात, त्यांना साखळी सलग दिसली पाहिजे. सर्टिफिकेट, मिळाल्याचा रेकॉर्ड, फ्रीझरचा लॉग, प्रत्येक व्हायल कधी कोणी उघडली, कॅलिब्रेटर बनवल्याचं वर्कशीट वजन किंवा व्हॉल्युम आणि पिपेटच्या नंबरसकट, यूव्हीचा प्रिंट, बायसचा हिशोब, आणि शेवटी कंपनीचं ट्रेसेबिलिटी पत्र. एक्सेलमधे केलेला हिशोब असेल तर फॉर्म्युले लॉक करा आणि एकदा कॅल्क्युलेटरवर तपासल्याची सही ठेवा.

सीआरएम पुन्हा कधी चालवायचं? मेथड नवीन, मोठं सर्व्हिसिंग, कॉलमचा प्रकार बदलला, कॅलिब्रेटरचं मूळ सोल्युशन बदललं, किंवा पीटीमधे सलग एकाच बाजूला सरकताय, तेव्हा. एरवी वर्षातून एकदा. रीएजंटचा नुसता लॉट बदलला तर सीआरएम उघडायची गरज नाही, जुन्या लॉटवर चाललेले पेशंटचे उरलेले सॅम्पल नव्या लॉटवर चालवून ताडा, त्यात १५ ते २५ च्या मधले काही मुद्दाम निवडा. नव्या मूळ सोल्युशनचा कॅलिब्रेटर मात्र जुना संपायच्या आधी बनवा, दोन्ही एकाच रनमधे लावा, आणि दोघांत तीन टक्क्यांहून जास्त फरक आला तर नवीन वापरात आणायच्या आधी त्या दिवशी सीरम सीआरएमची व्हायल काढा.